न विचारलेली भाजी

"सांगू नका, शेठ," साहेब म्हणाले. चमच्याच्या टोकानं त्यांनी भाजीतला तो तुकडा बाजूला काढला आणि माझ्याकडं न बघता माझ्या ताटाच्या कडेवर ठेवून दिला. मग घास घेतला, डोळे मिटून चावला आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं केलं. "शी," म्हणाले. आणि दुसरा घास घेतला.

हे आमचं बरोबरचं शेवटचं जेवण. त्या दिवशी वेगळं असं काहीच घडलं नाही. गुरुवार होता, कोपऱ्यातलं टेबल होतं, आणि त्यावर हात ठेवला की चिकटणारं तेच चौकटीचं मेणकापड होतं. निघताना साहेबांनी नेहमीसारखे कागदी रुमाल खिशात कोंबले, गाडीत बसल्यावर त्यांनी हात पुसले आणि "घाण जागा आहे," असं म्हणून गाडी चालू केली. पुढच्या गुरुवारी किती वाजता निघायचं हे विचारलंसुद्धा नाही. त्यात विचारायचं काय होतं?

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नाच्या पंगतीत बसतो, प्रत्येक पदार्थाला नाव ठेवतो आणि सगळ्यात शेवटी उठतो. आमचे साहेब त्यातले.

नाव लिहीत नाही. लिहिलं की रेकॉर्डवर येतं, आणि रेकॉर्डची त्यांना भारी धास्ती. नाशिककडच्या एका कोर्टात ते शिरस्तेदार होते. म्हणजे न्यायाधीश नव्हे, न्यायाधीशाच्या पुढ्यात कागद सरकवणारे. मी कराडचा. माझं मटणाचं दुकान होतं आणि शाळा चौथी. हे लिहिण्यात चुका असतील, त्यांच्याकडं बघून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. माझा मुलगा इथं अमेरिकेत, टेक्ससमधल्या फ्रिस्कोत कॉम्प्युटरच्या कामाला आहे. त्यानं आम्हा दोघांना आणलं, मला आणि माझ्या बायकोला.

आमच्या कॉलनीत एक तळं आहे. मधे कारंजं आणि काठावर बदकांची हगवण. तिथल्या बाकावर सगळ्या घरांतले म्हातारे आणून सोडल्यासारखे बसलेले असतात. तिथं साहेबांनी मला पहिल्यांदा विचारलं, "आपण तिकडे काय करत होता?"

"बोकड कापत होतो," मी म्हटलं.

माझा हात त्यांनी हातात घेतलाच नव्हता, तरी रुमाल काढून स्वतःचा हात पुसला. मला अशी तिडीक आली की तळ्यात ढकलावं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच बाकावर बसलो. ते आले, उभे राहिले, मग बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला टेकले. "काय म्हणता, शेठ?" म्हणाले. खाटीक म्हणायला जीभ रेटेना, म्हणून शेठ. तेव्हापासून मी शेठ आणि ते साहेब. बाकावरलं अंतर कमी व्हायला वर्ष गेलं.

मग माझी बायको गेली.

हे सरळ लिहितो, कारण इथं सरळ कुणी बोलत नाही. 'पास झाली' म्हणतात. मुलाच्या मित्रांनी फोनवर एक यादी केली, कुणी कुठल्या दिवशी जेवण पाठवायचं त्याची. आपल्याकडं मयताच्या घरी शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन येते, तिचा पदर डोळ्याला असतो, त्याला कडू घास म्हणतात. इथं दाराची घंटी वाजायची, उघडेपर्यंत माणूस गाडीत बसून गेलेला. पायरीवर प्लास्टिकचा डबा. आत पक्ष्याला घालतात तसले दाणे, त्यात काकडी. त्या दाण्यांना किन्वा म्हणतात. बायको मेल्याचं दुःख एकीकडं आणि त्या किन्व्याची किळस एकीकडं.

भेटायला येणारे तर त्याहून. आले की पायातले बूट काढायचे, मोजे दिसतील असे बसायचे आणि म्हणायचे, "काका, शेवटी शांत होत्या ना?" मी तोंड उघडलं की म्हणायचे, "जाऊ दे काका, निगेटिव्ह नका आठवू. चांगल्या मेमरीज ठेवा." मला एक गोष्ट सांगायची होती. लांबलचक नव्हती, चार वाक्यांची. पण ती चार वाक्यं माझ्या तोंडून कुणी बाहेर पडू देईना. पोरगापण नाही. तो म्हणायचा, "बाबा, प्लीज." ती गोष्ट माझ्या घशाशी मासळीच्या काट्यासारखी बसली. जेवण जाईना. सून बिचारी ओट्सची खीर करून समोर ठेवायची. वॉलपेपरच्या खळीसारखी दिसायची आणि लागायचीही तशीच.

घरात वास म्हणून कशाचा नाही. कार्पेटला वास लागतो म्हणून मटण बाहेर बार्बेक्यूवर. फोडणी दिली की पंखा, आणि पंख्यानंतर मेणबत्ती. तिला आईस्क्रीमचा वास. सहा खोल्यांचं घर, सगळीकडं आईस्क्रीम.

साहेब भेटायला आले तेव्हा दारातच म्हणाले, "सांगू नका, शेठ. मला ऐकवणार नाही." आणि निघून गेले. मी म्हटलं, हा तर सगळ्यांच्या वरचढ निघाला.

त्यांच्याकडं लायसन्स होतं आणि मुलाची जुनी गाडी होती. माझ्या रक्ताच्या तपासणीला माझ्या मुलाला सुट्टी मिळेना, तेव्हा साहेब म्हणाले, "मी नेतो." गाडी अशी चालवायचे की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. फोनमधली बाई डावीकडं म्हणाली की हे उजवीकडं वळायचे. "ही बाई मला हुकूम देणार?" म्हणायचे. परतताना असे वळत वळत आम्ही शेजारच्या गावात रुळांच्या पलीकडं जाऊन पोचलो. तिथं साहेबांना लघवी लागली. या वयात ती लागली की लागली. समोर एक बसकं दुकान होतं. पाटीचा रंग उडालेला, दारात दोन खुर्च्या, आणि मागच्या अंगाला जाळीच्या दारातून वाफ येत होती.

साहेब आत धावले. मी गाडीतून उतरलो आणि उतरल्या जागी उभा राहिलो.

पाय शिजत होते. बोकडाचे नव्हते, पण पायच. हाड रात्रभर मंद आचेवर ठेवलं की सकाळी जो वास सुटतो, चिकट, जड, जो कपड्यातून जात नाही, तो वास. माझ्या बायकोच्या साडीला यायचा. शेजारच्या बायका नाकाला पदर लावायच्या. मी त्या वासात संसार केला. टेक्ससच्या त्या उन्हात मी कुत्र्यासारखा नाक वर करून उभा होतो.

आत गेलो. काउंटरमागं एक काळी बाई, माझ्या वयाची, डोक्याला रुमाल, हातात पळी. साहेब संडासातून बाहेर येऊन दाराकडं निघाले होते. बाईनं आम्हा दोघांकडं बघितलं आणि विचारलं, "यू एट?"

जेवलात का. बस, एवढंच. बायको गेल्यापासून 'हाऊ आर यू' शंभर लोकांनी विचारलं होतं. जेवलास का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी साहेबांची बाही धरली आणि त्यांना खाली बसवलं.

आता त्या जेवणाचं सांगतो. हौसेनं जाल आणि मला शिव्या द्याल, म्हणून खरं सांगतो. त्याला सोल फूड म्हणतात. पद्धत अशी, की एक मटण घ्यायचं आणि तीन भाज्या. काचेमागं वाफेवर परातींसारखे डबे असतात, बोट दाखवायचं. रताळी साखरेत घोळवून वर लोणी. चीजमध्ये बुडवलेल्या नळ्या, आणि त्याही इथं भाजीत धरतात! चहा म्हणून मागवलात तर बर्फ घातलेलं, ओठ चिकटतील असं गोड पाणी. तळलेल्या माशाला मातकट वास. मला पहिल्याच दिवशी त्या रताळ्यानं ओकारी आली. पण चवळी होती, भेंडी होती, मक्याचा पिवळा पाव होता. आणि एक पालेभाजी होती, मोठ्या जाड पानांची, काळपट हिरवी, शिजून शिजून फदफदं झालेली. पायाचा वास तिला होता.

साहेब नाकावर रुमाल धरून बसले होते. "मी काही खाणार नाही. इथे काय काय शिजतं देव जाणे."

"भाजी खा की."

त्यांनी भाजी घेतली. एक घास. मग दुसरा. "अळूसारखी आहे," म्हणाले. "आमच्याकडे श्रावणात करायचे. तेल जास्त आहे. घाण केली आहे नुसती." ताट निम्मं झालं.

मी आयुष्यभर हाडं तोडलीत. भाजीत काय आहे हे मला पहिल्या घासाला कळलं. तरी बाईला खुणेनं विचारलं. तिनं स्वतःचा घोटा वाकून दाखवला आणि डुकरासारखा आवाज काढला. मोठ्यानं हसली. आमच्यातसुद्धा डुक्कर खात नाहीत. माझी बायको असती तर मला घरात घेतलं नसतं. पण आता कोण होतं घरात न घ्यायला?

माझं मन मोकळं आहे. मी म्हटलं, "साहेब, त्या भाजीत..."

"सांगू नका."

"अहो पण..."

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि कोर्टातला चेहरा केला. "शेठ, मी विचारलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग तुम्ही सांगता कशाला? न विचारलेलं रेकॉर्डवर येत नाही. तीस वर्षं मी हेच काम केलं. साक्षीदार बडबडायला लागला की न्यायाधीश म्हणायचे, प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न नाही तर उत्तर नाही." मग त्यांनी भाजी चाळली, गुलाबी धाग्याधाग्याचा एक तुकडा सापडला, तो चमच्यानं उचलून माझ्या ताटात ठेवला. "हे तुमचं दिसतंय. चुकून इकडे आलं."

मी तो खाल्ला. दुसरं काय करणार?

त्या दिवसापासून आमचा गुरुवार लागला. घरी काय सांगायचं हा प्रश्न साहेबांनीच सोडवला. "मुलाला वाटतं आपण देवळात जातो," ते म्हणाले. "मी तसं म्हटलेलं नाही. त्याला वाटतं. मी नाही म्हटलेलं नाही." मला त्यांच्या या लबाडीची किळस यायची आणि हसूही यायचं. घरी हा माणूस सुनेला म्हणायचा, अंड्याच्या केकची सुरी वेगळी ठेव. आणि गुरुवारी दीड वाटी भाजी चापून खायचा. वर बोटं चाटायचा नाही, कागदी रुमालानं पुसायचा, प्रत्येक बोट वेगळं. तेवढी शिस्त.

बाई त्यांना 'जज' म्हणायची. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. ती विचारायची, "जज, हाऊ माय ग्रीन्स टुडे?" साहेब तोंड वाकडं करून म्हणायचे, "व्हेरी बॅड, मॅडम." ती आणखी एक पळी वाढायची. एकदा मी तिला मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे असले तुकडे, पाय, मान, आतडी, तुम्ही लोक का शिजवता? ती म्हणाली की गुलामगिरीत मालक लोक चांगलं मांस ठेवून घ्यायचे आणि उरलेलं आमच्या पणज्यांकडं फेकायचे. त्यांनी त्याचं हे केलं. मला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या दुकानातसुद्धा आतड्यांची वजडी न्यायला कोण यायचं आणि बरगडीची चाप न्यायला कोण यायचं, ते मी जन्मभर बघितलं होतं. साहेबांना मी हे मराठीत सांगायला लागलो, तर म्हणाले, "सांगू नका."

हे 'सांगू नका' पुढं पुढं माझ्या डोक्यात जायला लागलं. गुडघा दुखतो म्हटलं, सांगू नका. मुलाशी भांडण झालं, सांगू नका. एका गुरुवारी माझा बांध फुटला. जुलै असेल, बाहेर डांबर वितळत होतं. सुनेनं सकाळी माझ्या खोलीत मेणबत्ती आणून ठेवली होती, जांभळ्या रंगाची. तो वास मला माहीत होता. ताट समोर आलं, मी हात लावला नाही.

साहेब भाजी चाळत होते. "जेवा, शेठ. गार होतंय. गरम असताना वाईट आहे, गार झाल्यावर काय होईल?"

"तुमच्या आयला तुमच्या भाजीच्या," मी म्हटलं. आजूबाजूला कळणारं कुणी नव्हतं. "दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसता. माझी बायको कशी मेली हे तुम्हाला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. सांगू नका, सांगू नका. मग मी कुणाला सांगू? त्या बदकांना?"

साहेबांचा चमचा थांबला. त्यांनी चष्मा काढला, मेणकापडावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे बारीक आणि उघडेबोडके दिसत.

"सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. तिला शेवटी त्या खोलीत हलवलं होतं, जिथं औषध बंद करतात. भिंतीत एक यंत्र होतं, थोड्या थोड्या वेळानं वास फवारायचं. जांभळ्या फुलांचा. माझ्या बायकोला सगळा जन्म मटणाचा वास चालला, पण हा चालला नाही. तिनं दोन दिवस डोळे उघडले नव्हते. त्या दुपारी उघडले आणि म्हणाली, "कसला घाण वास येतोय हो. खिडकी उघडा." मी उठलो. खिडकीला कडी नव्हती. काच होती नुसती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी कडी शोधत राहिलो. तळहातानं मारलं काचेवर. ती म्हणाली, "उघडा की." नर्स आली, तिनं मला खुर्चीत बसवलं, हात चोळत बसली. मग बायको काही बोलली नाही. देवाचं नाव नाही, माझं नाव नाही, पोराचं नाही. "उघडा की," एवढंच.

साहेब ऐकत होते. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला तो एकच खरा प्रश्न.

"मग? उघडली?"

"नाही उघडत इथल्या खिडक्या."

साहेब उठले. मला वाटलं लघवीला. ते दुकानाच्या दाराकडं गेले, दार सताड उघडलं, बाहेरची एक खुर्ची ओढून दाराला लावली आणि तिथंच उभे राहिले. एसीची गार हवा बाहेर गेली, भट्टीसारखी आत आली. माणसं वळून बघायला लागली. बाई काउंटरमागून ओरडली, "जज! बेबी, यू कूलिंग द होल स्ट्रीट?"

"टू मिनिट्स, मॅडम," साहेब म्हणाले. कोर्टात पुकारा करतात तसा आवाज. "टू मिनिट्स."

बाईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं बघून तिला काय कळलं कुणास ठाऊक. दार उघडं राहिलं. मी त्या गरम हवेत बसून रडलो, शेंबूड येईपर्यंत. मयताच्या दिवशी रडलो नव्हतो.

मग साहेब येऊन बसले, चष्मा घातला आणि जेवायला लागले. मीही जेवलो. घरी गेल्यावर ध्यानात आलं, की त्या दिवशी भाजीतला तुकडा माझ्या ताटात आला नव्हता. तो भाजीत नव्हताच, की त्यांनी खाल्ला, मी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी तुकडा परत माझ्या कडेला. "सांगू नका, शेठ." जसं काही झालंच नाही.

ते शेवटचं जेवण झालं त्याच्या पुढच्या मंगळवारी साहेब गेले. अंघोळीला जाण्याआधी खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या मुलाचा फोन आला. छातीचं काहीतरी होतं म्हणे, डॉक्टरनं केव्हाच बजावलं होतं, घरात कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरलापण सांगू नका म्हटलं असेल म्हाताऱ्यानं.

त्यांच्या दहाव्याला मला बोलावलं. आता मला कुणी किळसवाणं काय ते विचारलं तर मी तो दिवस सांगेन. घराच्या मागं हिरवळीवर चटई, त्यावर पिंड. गुरुजी आठवडाभर ऑफिस करतात आणि शनिवार-रविवार पौरोहित्य, म्हणून दहावा रविवारी धरलेला. एका बाजूला टेबलावर जेवण, कांदा-लसूण नसलेलं, झाकणाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एक गृहस्थ उठले आणि इंग्रजीत बोलले, की त्यांच्या आहारात किती शुद्धता होती, आजन्म त्यांनी कशाला स्पर्श केला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. दहा दिवसांत माणूस धुऊन, इस्त्री करून, अनोळखी करून टाकला होता. त्यांचं 'शी' कुणाला आठवत नव्हतं, खिशातले कागदी रुमाल आठवत नव्हते. मेल्यावर माझ्या बायकोच्या तोंडात लोकांनी देवाचं नाव घातलं, तसं यांच्या पोटात काकडी घालत होते.

पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. कावळ्याची वाट. कावळा काही येईना. फ्रिस्कोत कावळा आणायचा कुठून? मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, नातवाची मुंज करू." काही नाही. "नाशिकचा फ्लॅट विकणार नाही." काही नाही. कुंपणावर एक खार आली, तिला पोरांनी हुसकलं. ऊन चढत होतं, माणसं घड्याळाकडं बघायला लागली.

मुलगा माझ्याजवळ आला. पोरगा भला आहे, डोळे सुजले होते. हळूच म्हणाला, "काका, तुम्ही दर गुरुवारी बरोबर असायचात. देवळात काही बोलले का? काही इच्छा? आईच्या वेळी त्यांना विमान मिळालं नव्हतं. फोनच्या स्क्रीनवर अग्नी बघितला त्यांनी. तेव्हापासून मनातलं काही बोललेच नाहीत."

हे मला माहीत नव्हतं. साहेबांची बायको अशी गेली, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नव्हतं.

माझ्या जिभेवर सगळं आलं. रुळांपलीकडचं दुकान, भाजी, घोटा. ते मी म्हटलं असतं तर पोराला बाप मिळाला असता, की होता तो गेला असता? मला ठरवता येईना. आणि मी बिनपाचपोच माणूस, आयुष्यात कधी तोंड आवरलं नाही. पण समोर तो पिंड होता आणि मला कानात स्पष्ट ऐकू आलं. सांगू नका, शेठ.

"मला काही बोलले नाहीत," मी म्हटलं.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. गवताची काडी वळवून गाठ मारली आणि ती पिंडाला लावली. झालं. लोक जेवायला धावले. मी पाणीसुद्धा न पिता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला म्हटलं, "ऑफिसला जाताना मला एके ठिकाणी सोड. कुठं ते सांगतो, का ते विचारू नकोस." तिनं गाडीची किल्ली घेतली. दुकान अजून उघडलं नव्हतं. मी मागच्या जाळीच्या दाराशी गेलो. बाई चुलीपाशी होती, भाजीचा टोप खदखदत होता. तिनं मला एकट्याला बघितलं, माझ्या मागं बघितलं.

"जज डेड," मी म्हटलं. याहून चांगलं इंग्रजी मला येत नाही.

तिनं पळी ठेवली, हात पुसले आणि माझं डोकं धरून आपल्या खांद्यावर दाबलं. खांद्याला पायाचा वास होता. मग विचारलं, "यू एट?" मी मान हलवली आणि एक ताट मागितलं. भाजी, भेंडी, मक्याचा पाव. "ऑल टुगेदर," म्हटलं. "नो पिकिंग."

पुढं गाड्या लावायच्या जागेत काळे पक्षी असतात. इथं सगळ्या दुकानांपुढं असतात, शेपूट लांब, डोळा पिवळा, आवाज गंजलेल्या बिजागरीचा. गाड्यांवर हगतात, सांडलेलं खातात. साहेबांना त्यांची भयंकर शिसारी. मी ताट सिमेंटच्या कडेवर ठेवलं. परत गेलो, पुढचं दार सताड उघडलं आणि खुर्ची लावली. आतली वाफ बाहेर यायला लागली.

मी हात जोडले नाहीत. वचन काय देणार? गुरुवार चुकवणार नाही, एवढं मनात म्हटलं.

पहिला उतरला तो पावाकडं गेला, चोच मारली आणि सोडून दिला. मग भाजीत तोंड घातलं. इकडं तिकडं चाळलं. गुलाबी तुकडा वर आला. मी बघत होतो. त्यानं तो कडेला ठेवला नाही. उचलला, मान वर करून गिळला आणि विजेच्या तारेवर जाऊन बसला. मग बाकीचे सगळे तुटून पडले.

सून गेलीच नव्हती, गाडीची काच खाली करून बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "काय होतं ते? काय खाल्लं त्यानं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी विचारलं नाही."